लिमिट घरात आहे का

माझं एम.एस्सी. झालेलं नव्हतं. हे वाक्य मी चोवीस वर्षं कुणापुढे बोलले नव्हते, म्हणून आधी तेच लिहून टाकते. पुढचं सांगायला मग मोकळी.

बाकी सगळे पेपर सुटले होते, एकच राहिला होता, फंक्शनल ॲनालिसिस. नागपूरला शेवटच्या परीक्षेत त्या पेपरात मी सपशेल आपटले, आणि परत बसायचं म्हणून पुस्तकं काढली तेवढ्यात दिल्लीहून केंद्र सरकारच्या नोकरीचं पत्र आलं. आई म्हणाली, आधी रुजू हो, पेपर काय, निघेल. दादा म्हणाला, निघेलच. पुढे वर्षभरात माझ्यासाठी स्थळं बघायला लागले, तेव्हा दादाने टायपिंगच्या दुकानात बसून माझा बायोडेटा करून घेतला आणि शिक्षणापुढे टाकलं, एम.एस्सी. (गणित). मी म्हटलं, दादा, एक पेपर बाकी आहे रे. तो म्हणाला, अगं लग्नापर्यंत निघेलच की, आता कंसात काय काय लिहीत बसू.

निघाला नाही. लग्न झालं, मुलगी झाली, सरकारी क्वार्टरमधून आम्ही नोएडात स्वतःच्या फ्लॅटमध्ये आलो, आणि सासरी, सोसायटीत, विहारात, सगळीकडे मी गणितात एम.एस्सी. झालेली बाई होऊन बसले. ऑफिसच्या सर्व्हिस बुकात खरं आहे, तिथे बी.एस्सी.च लिहिलंय. पण दुसऱ्याचं सर्व्हिस बुक कोण वाचतं? नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी सांगायचं राहून गेलं आणि दहाव्या वर्षी सांगायची हिंमत होईना. त्यात मुलीने बारावीनंतर गणितात ऑनर्स घेतलं, आणि जो तो म्हणायला लागला, आईवर गेलीय हो. मी हसायचे. आतून माझं मला माहीत.

आता मी काही गरीब गाय नाही. मंत्रालयातल्या आमच्या सेक्शनमध्ये नवीन माणूस आला की त्याला पहिली सूचना मिळते ती ही, की मॅडमपुढे अर्धवट फाईल न्यायची नाही. मी फाईल परत फेकते, असं म्हणतात. फेकत नाही, सरकवते, पण जोरात. तर अशी मी, आणि माझीच एक फाईल चोवीस वर्षं अर्धवट.

गेल्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी आमच्या एम.एस्सी.च्या जुन्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नोटीस आली. एरवी त्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं येतात. ही नोटीस विद्यापीठाची होती. ज्या जुन्या विद्यार्थ्यांचा एखादा पेपर राहिलाय त्यांना एकदाच, शेवटची संधी, जुन्या अभ्यासक्रमाप्रमाणे. मी तेव्हा मेट्रोत उभी होते. ते वाचून मी दोन्ही हातांनी खांब धरला. समोरच्या पोरीने उठून जागा दिली, आंटी आप बैठिए म्हणाली. एरवी आंटी म्हटलेलं मला खपत नाही, पण त्या दिवशी मी गुपचूप बसले.

फॉर्म भरला. सगळे झोपेतून उठायच्या आत घरच्या प्रिंटरवर त्याची प्रत काढली, पहिलं पान दोनदा काढावं लागलं कारण तो प्रिंटर एक नंबरचा हट्टी आहे. पुस्तक मागवलं ते ऑफिसच्या पत्त्यावर. उघडलं, आणि तोंडचं पाणी पळालं. एक ओळ कळेल तर शपथ. चोवीस वर्षांत मी गणित म्हणून काय केलं होतं, तर कुणाची किती रजा शिल्लक आहे ते मोजलं होतं. शिकवणार कोण? नोएडात क्लास पुष्कळ, पण तिथे जाऊन काय सांगू की वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी काय करते आहे? आणि घरी नवऱ्याला काय सांगू?

त्याच आठवड्यात मुलगी डायनिंग टेबलवर वही घेऊन बसली. "आई, मेट्रिक स्पेसची डेफिनिशन तो समझ में आली, पण फील येत नाहीये यार. तू सांग ना."

आणि मग जे तोंडातून निघालं त्याचा मला अजून अभिमान वाटतो. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, "आधी तू सांग तुला काय समजलंय. नुसतं ऐकून गणित येत नसतं."

तिने एक क्षण माझ्याकडे बघितलं, आणि सांगायला लागली.

असा आमचा क्लास सुरू झाला. रविवारी सकाळी, पोहे झाले की. ती स्वतःची शंका म्हणून विचारायची, मी म्हणायचे आधी तू सांग, ती सांगायची, आणि मी मान डोलवत, "अच्छा, पुढे?" करत सगळं डोक्यात भरून घ्यायचे. मग सोमवारी ऑफिसला जाताना मेट्रोत बसून वहीत उतरवायचे. माझ्याइतकी कावेबाज विद्यार्थिनी दिल्लीत दुसरी नसेल.

आणि काय सांगू, मजा यायला लागली हो. पहिल्याच रविवारी ती म्हणाली, मेट्रिक म्हणजे अंतर मोजायची रीत, बस. अट एवढीच की अंतर शून्य फक्त स्वतःचं स्वतःशी. इथून तिथे जेवढं, तेवढंच तिथून इथे. आणि मध्ये कुठे वाकडी वाट करून गेलं तर अंतर कमी होता कामा नये. झालं, एवढं जिथे चालतं ती मेट्रिक स्पेस.

मी म्हटलं, "मग तुझे बाबा गुरुग्रामच्या साइटवर जातात त्याला किती वेळ लागतो, ते अंतर धरलं तर?" माझा नवरा सरकारी बांधकाम खात्यात आहे, रोज नोएडा ते गुरुग्राम करतो.

"सकाळी?"

"सकाळी सव्वा तास. येताना दोन."

"मग गेलं ना. जाताना वेगळं, येताना वेगळं. दुसरी अटच तुटली." तिने आतल्या खोलीकडे बघून ओरडून सांगितलं, "बाबा, तुमचा प्रवास मेट्रिक नाहीये."

"मग काय आहे?" आतून आवाज आला.

"छळ आहे," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

हे नागपूरला मी पाठ केलं होतं. पाठ केलं होतं, म्हणजे गाळलेल्या जागा भरण्यासाठी. तेव्हा कुणी सांगितलं असतं की यात रोजचा रस्ता आहे, तर मी आपटले नसते, असं मला वाटतं. कदाचित आपटलेही असते. पण आनंदाने आपटले असते.

पुढच्या रविवारी तर कहर झाला. ती म्हणाली, आता ठिपक्याच्या जागी अख्खं फंक्शन ठेव. म्हणजे काय, तर कागदावर डावीकडून उजवीकडे हात न उचलता काढलेली एक रेघ. ही एक रेघ म्हणजे एक ठिपका, आणि अशा सगळ्या रेघांचं मिळून एक घर. दोन रेघांमधलं अंतर किती? जिथे त्या एकमेकींपासून सगळ्यात लांब आहेत तिथलं. मी पोह्यांची बशी बाजूला सारली. अख्खी रेघ, एवढी मोठी, चढउतारांची, तिचा एक ठिपका? आणि त्या ठिपक्यांमध्ये जवळ-लांब? मी उठून बाल्कनीत गेले, परत आले, म्हटलं परत सांग. तिने परत सांगितलं. मी म्हटलं अजून एकदा. ती म्हणाली, "आई, तुला तर येतं ना हे?"

"येतं," मी म्हटलं. "ऐकायला बरं वाटतं."

मग आल्या सिक्वेन्स. एकामागून एक ठिपके, आणि ते कुठेतरी पोचतात का हा प्रश्न. जिथे पोचतात ती जागा म्हणजे लिमिट. त्यात एक जात अशी असते की तिच्यातले ठिपके पुढे पुढे एकमेकांना चिकटत जातात, इतके की दोघांमध्ये बोट शिरू नये. पुस्तकात त्या सिक्वेन्सला एका गणितज्ञाचं नाव आहे. मुलगी तिला हिंदीतल्या भीडवरून, म्हणजे गर्दीवरून, भीडवाली सिक्वेन्स म्हणायची, मी दाटणारी म्हणायचे. आणि पेपरातला हमखास येणारा प्रश्न हा, की आपल्या रेघांच्या घरातली प्रत्येक दाटणारी सिक्वेन्स कुठेतरी पोचतेच, हे सिद्ध करा. नागपूरला मला हाच आला होता, आणि शून्य मिळालं होतं.

या वेळी मी म्हटलं, मी लिहून दाखवते, तू तपास. वहीत खडाखडा लिहून काढलं. ऑफिसात मी चोवीस वर्षं फाईलवर टिपणी लिहिते आहे, त्यामुळे सिद्धतेलाही परिच्छेद क्रमांक एक, परिच्छेद क्रमांक दोन, उपरोक्त परिच्छेद दोनमध्ये दर्शविल्याप्रमाणे, असं झक्क लिहिलं, आणि हाताच्या सवयीने तळाशी हिंदीत घातलं, अनुमोदनार्थ प्रस्तुत, म्हणजे मंजुरीसाठी सादर.

मुलगी ते वाचून टेबलावर डोकं ठेवून हसत सुटली. हसून झाल्यावर लाल पेनाने तिने एक भला मोठा गोल काढला.

"आई, हे काय? 'सर्व पदे परस्परांच्या निकट येत असल्याने लिमिट आहे असे समजण्यास हरकत नाही.' हे कुणी सांगितलं?"

"एवढी दाटली आहेत तर कुठेतरी जाणारच ना ती."

"कुठेतरी म्हणजे कुठे? घरात? तू लिमिट घरात आहे असं धरूनच चाललीस. ते तर प्रूव्ह करायचंय."

"असेलच की."

"असेलच म्हणजे?"

मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं मोठी आलीस मला शिकवणारी, तुला एबीसीडी मी शिकवली, आणि वही सरकवली, जोरात. ती जाऊन फ्रीजला लागली. नवरा बाहेर येऊन दोघींकडे बघून परत आत गेला, शहाणा माणूस आहे. मुलीने वही उचलली, चप्पल घातली आणि म्हणाली, "चल, खाली चल माझ्यासोबत."

आमच्या सोसायटीच्या दाराशी व्हीलचेअरसाठी एक उतार केलाय. आधी पायऱ्याच होत्या, मग कुणीतरी तक्रार केली, तेव्हा बिल्डरने हा उतार घातला. मुलीने मला त्याच्यापुढे उभं केलं.

"हा उतार बघ. खालून वर जातो, मध्ये कुठे तुटत नाही. ही आपली एक रेघ. आता बिल्डरने जागा वाचवायला याला आखूड केला, तर?"

"चढ उभा होईल."

"अजून आखूड?"

"अजून उभा."

"असं करत करत. आता अंतर मोजायची रीत बदल. दोन उतारांमध्ये जेवढी जागा सापडते, तो एरिया म्हणजे अंतर. तसं मोजलं तर हे उतार एकमेकांना चिकटत जातात की नाही? भीडवाली झाली की नाही?"

"झाली."

"आणि शेवटी काय उरतं?"

मी बघत राहिले. शेवटी उतार उरतच नव्हता. शेवटी सरळ उभी पायरी उरत होती. व्हीलचेअर चढणार नाही, डावीकडून उजवीकडे जाताना हात उचलल्याशिवाय रेघ काढता येणार नाही. सगळे उतार एकमेकांच्या जवळ येत येत जिकडे चालले होते, ती जागा उतारांच्या घरात नव्हतीच.

"म्हणून," मुलगी म्हणाली, "असेलच म्हणायचं नाही. आपल्या आधीच्या रीतीने मोजलं तर ती घरातच पोचते, पण ते दाखवावं लागतं. तीन कामं करायची. कुठे चाललीय तो उमेदवार शोधायचा. सिक्वेन्स त्याच्याकडेच जाते हे दाखवायचं. आणि तो याच घरातला आहे हे दाखवायचं. तू तिसरं काम नेहमी खातेस."

नेहमी, असं ती म्हणाली. ते मला तेव्हा खटकायला हवं होतं, कारण मी तिच्यासमोर ती सिद्धता पहिल्यांदाच लिहिली होती. पण मी उताराकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना यमुना बँक स्टेशन गेलं, गाडी पुलावर आली, आणि मला एकदम माझा मेमो आठवला. पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एक फाईल चार विभागांत फिरून माझ्याकडे आली. चौघांनीही लिहिलं होतं, हरकत नाही. मी म्हटलं झालं, सगळ्यांचं एकमत आहे, आणि पत्र रवाना करून टाकलं. दोन दिवसांनी बोलावणं आलं. मंजुरीची सही कुठे आहे? ज्यांनी मंजुरी द्यायची त्यांच्यापुढे फाईल गेलीच नव्हती. हरकत नाही, हरकत नाही, हरकत नाही, आणि मंजुरी नाही. मला लेखी खुलासा द्यावा लागला होता. त्यानंतर मी हाताखालच्या किती जणांना ओरडले असेन, चार हरकत-नाहींची मिळून एक मंजुरी होत नाही म्हणून. आणि गणितात तेच करत होते. गणितातच कशाला. निघेल, निघेलच, आता निघालाच समजा. दादाने तेच केलं, आईने तेच केलं, मी तर चोवीस वर्षं केलं. सगळे जवळ जवळ येत गेले आणि ज्या पदवीकडे येत गेले ती घरात नव्हती.

मंडी हाउसला गाडी बदलायची असते. मी उतरले आणि पुढची गाडी सोडून दिली, त्याच्या पुढचीही. बाकावर बसून ऑफिसच्या एका परिपत्रकाच्या पाठीमागे सगळी सिद्धता तिसऱ्या कामासकट लिहिली. ते तिसरं काम काय सुंदर आहे म्हणून सांगू. उमेदवार म्हणून मिळालेल्या नव्या रेघेवरच्या एका बिंदूपासून शेजारच्या बिंदूपर्यंत थेट जाता येत नाही, कारण तिच्याबद्दल आपल्याला काही माहीतच नसतं. मग काय करायचं, तर वाकडी वाट. आधी सिक्वेन्समधल्या एका ओळखीच्या रेघेवर उडी मारायची, तिच्यावरून शेजारी सरकायचं, आणि तिथून परत नव्या रेघेवर. दोनदा गाडी बदलायची. तिन्ही टप्पे छोटे, म्हणजे एकूण छोटं. पहिल्या रविवारची ती तिसरी अट, वाकड्या वाटेची, ती इथे उपयोगी पडते. मला इतका आनंद झाला की शेजारी बसलेल्या सरदारजींना मी म्हटलं, हो गया. ते म्हणाले, मुबारक हो जी. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही. ऑफिसला मी अर्धा तास उशिरा पोचले, आणि त्या दिवशी कुणाचीच फाईल सरकवली नाही. सेक्शनमध्ये माझी तब्येत बरी नाही अशी बातमी पसरली.

त्यानंतर चार-पाच महिने धडाका लावला. मुलगी मेट्रिक स्पेसवरून पुढे सरकली, नॉर्म म्हणजे काय, रेषीय ऑपरेटर म्हणजे काय, असं एकेक विचारायला लागली. मी म्हणायचे आधी तू सांग. ती लायब्ररीतून जाडजाड पुस्तकं आणून सांगायची. मला वाटायचं, काय बाई यांचं कॉलेज, किती शिकवतात.

परीक्षा उन्हाळ्यात होती, नागपूरलाच. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, तिला बघून येते म्हटलं. ते खोटं नव्हतं. मुलगी स्टेशनवर सोडायला आली. गाडी सुटायच्या आधी तिने माझ्या पर्समध्ये दोन पेनं टाकली.

"आजीला भेटायला चाललेय, पेनं कशाला?"

"असू दे. स्मूद चालतात."

परीक्षेच्या हॉलमध्ये आम्ही अकरा जण होतो, आणि सगळ्यांचे केस पांढरे नाहीतर रंगवलेले. एक मुख्याध्यापिका होती, एक बँकेतले गृहस्थ सारखं पाणी पीत होते. मी प्रश्नपत्रिका उघडली. पहिल्याच पानावर तो होता. प्रत्येक दाटणारी सिक्वेन्स पोचते हे सिद्ध करा.

लिहिलं. उमेदवार शोधला, सिक्वेन्स त्याच्याकडे जाते हे दाखवलं, खाली रेघ मारली, पुढचा प्रश्न घेतला. पुढचेही येत होते. मी अशी सुटले की बस. शेवटची वीस मिनिटं उरली तेव्हा सहज मागचं पान उलटलं. तिसरं काम नव्हतं. परत खाल्लं होतं. एवढं शिकून, एवढं रडून-हसून, हात आपल्या सवयीने मंजुरी न घेताच पत्र रवाना करून मोकळा झाला होता. मग मी सोसायटीचा उतार डोळ्यांपुढे आणला, पुरवणी मागितली आणि लिहायला लागले. दोनदा गाडी बदलली, तीन टप्पे छोटे केले, उमेदवार घरात आणून बसवला. घंटा झाली तेव्हा शेवटची ओळ लिहीत होते. तळाशी अनुमोदनार्थ प्रस्तुत लिहिलं गेलंच. खोडायला वेळ नव्हता, तसंच राहिलं.

निकाल पावसाळा संपता संपता लागला. आम्ही मंत्रालयाच्या कॅन्टीनमध्ये चहा घेत होतो. मी मोबाईलवर आसन क्रमांक टाकला, आणि पास. चांगली, बऱ्या मार्कांनी पास. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. या वेळी मंजुरीची सही बघूनच निघाले.

घरी मुलगी एकटीच होती. पुढच्या शिक्षणाचा काहीतरी फॉर्म लॅपटॉपवर भरत होती. मी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. दारातच उभी राहून म्हटलं, "मला तुला एक सांगायचंय, मध्ये बोलू नकोस." आणि सगळं सांगितलं. आपटलेला पेपर, दादा, टायपिंगचं दुकान, नोटीस, नागपूर. मी म्हटलं, "तुझी आई एम.एस्सी. नव्हती. आज दुपारी झाली. तुझ्या बाबांना संध्याकाळी सांगणार आहे. तुला राग आला असेल तर आत्ताच काय ते बोलून टाक."

ती उठली, कपाटातून आमची निळी फाईल काढली. त्या फाईलमध्ये आमच्या घरातले सगळ्यांचे दाखले असतात, जन्माचे, जातीचे, शाळेचे. तिने त्यातून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढे धरली. तिच्या कॉलेजच्या प्रवेशाचा फॉर्म होता, पहिल्या वर्षाचा. तेव्हा जातीचा दाखला शोधायला म्हणून ती फाईल तिनेच उपसली होती, आणि माझ्या गुणपत्रिका त्याच फाईलच्या तळाशी होत्या. हे माझ्या लक्षात कधी आलंच नव्हतं.

आईचे शिक्षण, या रकान्यापुढे तिच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, एम.एस्सी. (एक पेपर बाकी).

"तुला अडीच वर्षांपासून माहीत आहे?"

"हो."

"आणि परीक्षेचं?"

"प्रिंटरमध्ये तुझ्या फॉर्मचं पहिलं पान अडकलं होतं. मी काढलं. मग तुझी मेट्रोतली वहीही अधूनमधून बघायचे, त्यात तिसरं काम तू दरवेळी खाल्लेलं असायचं."

मी खुर्चीत बसले. "मग ते मेट्रिक स्पेस? फील येत नाही म्हणालीस ते?"

"मला येत होतं आई. आणि नॉर्म वगैरे आम्हाला नाहीचेय. तुझ्या सिलॅबसमध्ये होतं, म्हणून लायब्ररीतून आणून मी आधी शिकले."

"अगं, मग सरळ सांगायचंस ना मला."

"तूच म्हणायचीस ना, आधी तू सांग," ती म्हणाली. "म्हणून सांगत होते."

मला रडू आवरेना. रागही आला होता, तिचा नाही, माझाच. चोवीस वर्षांपूर्वी दादाला जो कंस लिहायचा कंटाळा आला होता, तो या पोरीने सतराव्या वर्षी, कुणी न सांगता, नीट लिहिला होता, आणि कॉलेजला खरं सांगूनही घरात माझं बिंग फुटू दिलं नव्हतं. तिने मला रडू दिलं. मग टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं. स्टेशनवर दिलेल्यांपैकीच होतं.

मी त्या झेरॉक्सवरचा कंस एका रेघेने खोडला, आणि ऑफिसात खाडाखोडीवर करतात तशी शेजारी छोटी सही करून आजची तारीख टाकली.